विरारची पहिली गाडी आणि खेळाडूंचा धर्मादाय

पहाटे, स्थानकाबाहेर रिक्षांची रांग लागण्यापूर्वी आणि जीवदानीच्या डोंगरावरचे दिवे मालवण्यापूर्वी, विरारच्या फलाटावर जो कधी उभा राहिला असेल, त्याने मालडब्याच्या जागी थांबलेली ती मुले हटकून पाहिली असतील. पाठीवर स्वतःच्या उंचीशी स्पर्धा करणारी किटबॅग, तिच्या कप्प्यातून डोकावणारी बॅटची मूठ, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पोळीभाजी आणि शेजारी, कामाची पाळी बदलून घेतलेला किंवा ती चुकवून मालकाची बोलणी पत्करलेला बाप. गाडी लागली की आधी बॅग आत जाते, मग मुलगा, आणि बापाने दांडीला हात घालीपर्यंत गाडी हललेलीही असते. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर. या मार्गावर विजेची गाडी विरारपर्यंत आली ती १९३६ साली, आणि तेव्हापासून आजतागायत वसई-विरारकडच्या क्रिकेटगुणांना मोठ्या मैदानाकडे नेणारा रस्ता म्हणजे हेच रूळ होत.

पृथ्वी शॉ हा त्या मालडब्यातला सर्वांत प्रसिद्ध उतारू. जन्म १९९९ चा. चार वर्षांचा असताना आई गेली, आणि पुढची कित्येक वर्षे वडिलांनी त्याला विरारहून वांद्र्याला व तेथून आणखी कोणत्या तरी मैदानावर नेण्याआणण्यात घालविली. नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याने रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून हॅरिस शिल्डच्या सामन्यात ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या. २०१८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक भारताने त्याच्या नेतृत्वाखाली जिंकला, आणि त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. पुढच्या कारकिर्दीतील चढउतार हा या लेखाचा विषय नव्हे. शार्दूल ठाकूर तर त्याहूनही पलीकडचा, पालघरचा, म्हणजे चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटरवरचा. आणि डहाणूपर्यंत उपनगरी लोकल धावू लागली ती २०१३ साली, तेव्हा त्याच्या शाळकरी वयात ती सोयही नव्हती.

या दोघांना त्या वयात जी मदत मिळाली तिचे स्वरूप लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. पृथ्वीच्या कुटुंबाला एका स्थानिक राजकीय नेत्याने सांताक्रूझ परिसरात राहण्याची जागा दिली. शार्दूलला बोरिवलीच्या शाळेतील प्रशिक्षक दिनेश लाड यांनी, ज्यांच्या हाताखाली रोहित शर्माही घडला, चक्क स्वतःच्या घरी ठेवून घेतले. परक्याचे पोर घरात घेऊन त्याला आपल्या मुलांबरोबर जेवू घालणे हे ज्या गृहिणीला करावे लागते तिची गणना मात्र कोणत्याच क्रीडावृत्तात होत नाही. दोन्ही प्रसंगी बॅट दिली गेली नाही, धनादेशासह छायाचित्र निघाले नाही. दिले गेले ते अंतर. घर आणि मैदान यांमधले अंतर कोणी तरी आपल्या खर्चाने कमी केले. नामवंत खेळाडूंनी आपल्या नावे स्थापलेले धर्मादाय न्यास, ज्यांना आता सर्वजण ‘फाउंडेशन’ म्हणतात, त्यांचा आढावा घेताना मी हाच मापदंड हाती धरणार आहे: अमुक न्यासाने किती अंतर कमी केले, आणि ते किती वर्षे कमी राहिले?

ही कल्पना आपल्याकडे नवी दिसते, पण तिच्यामागे जुन्या आश्रयाचा मोठा इतिहास आहे. पहिला आश्रय राजाचा. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान १९१२ साली बांधून पुरे केले. मल्लाला खुराक, तालमीला जागा आणि विजेत्याला इनाम ही दरबारच्या जमाखर्चातली रीतसर बाब होती. दुसरा आश्रय मध्यमवर्गीय मंडळ्यांचा. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला, अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, पुण्यातच १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळाचा पाया घातला. आपल्या मुलांनी अंग कमवावे ही इच्छा, वर्गणीची पावतीपुस्तके आणि एखाद्या जमीनदाराकडून मिळविलेला जमिनीचा तुकडा, एवढ्यावर या संस्था उभ्या राहिल्या आणि शंभर वर्षे टिकल्या. त्यांच्या संस्थापकांपैकी कोणाचे चित्र तिकिटावर छापले गेले नसेल, पण त्यांच्या पटांगणावर आजही संध्याकाळी मुले असतात. तिसरा आश्रय उद्योगपतीचा. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले दोराबजी टाटांच्या नजरेत भरली, आणि त्यांच्याच खटपटीने व बऱ्याच अंशी त्यांच्याच पैशाने १९२० साली सहा जणांचा चमू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. मॅरेथॉनमध्ये तो एकोणिसावा आला.

स्वातंत्र्यानंतर चौथा आश्रय आला तो नोकरीचा. रेल्वे, पोलीस, बँका, गिरण्या आणि खाजगी कंपन्या यांच्या संघांतून कबड्डीपटू, खोखोपटू, क्रिकेटपटू यांना दरमहा पगार मिळू लागला. पावसाळ्यात खुर्ची आणि हंगामात मैदान, असा तो व्यवहार. पॅरिसला २०२४ साली नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारा स्वप्निल कुसाळे हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि मध्य रेल्वेत नोकरीला लागला, यावरून हा आश्रय अद्याप मेलेला नाही हे उघड आहे.

या चारही प्रकारांत खेळाडू हा घेणारा. तो देणारा केव्हा झाला? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की मला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांपाशी थांबावे लागते, आणि थोडे अधिक काळ थांबावेसेही वाटते. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले व कुस्तीत सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर दरबार संपुष्टात आलेला, सरकारी तिजोरीतून पुरेशी तरतूद नाही. तेव्हा गावाने वर्गणी केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ही गोष्ट पाठ्यपुस्तकी झाली आहे. तिच्यानंतरची गोष्ट तितकी झाली नाही. मिरवणूक पांगल्यावर या माणसाने कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत स्वतः लढला आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. त्याला न्यास नव्हता, विश्वस्त मंडळ नव्हते, लेखापरीक्षक नव्हता. गहाणखत होते, ते त्याने फेडले. आपल्या मुलखात खेळाडूच्या हातून घडलेल्या दानाचा हा आद्य दाखला दानाचा नसून कर्जफेडीचा आहे, ही बाब मला लहान वाटत नाही. खेळाडू ज्याला परोपकार म्हणतो त्याच्या तळाशी पुष्कळदा कोणाचे तरी गहाण पडलेले घर असते.

यानंतर एकदम चार दशके ओलांडून गेले तरी फारसे काही गमावत नाही, कारण मधल्या काळात खेळाडूपाशी देण्यासारखे धन नव्हतेच. निवृत्त क्रिकेटपटूसाठी साहाय्यार्थ सामने भरवावे लागत, अशी स्थिती होती; जो स्वतःच मदतीचा धनी तो दुसऱ्याला काय देणार? जाहिरातीचा आणि दूरचित्रवाणीचा पैसा आला आणि चित्र पालटले. दिलीप वेंगसरकरांनी १९९५ साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच तेल कंपनीच्या साहाय्याने अकादमी सुरू केली, मग चेंबूरच्या माहुल भागात आणि पिंपरी-चिंचवडमधल्या थेरगावात तिच्या शाखा झाल्या. तेथील शिक्षण विनामूल्य. थेरगावच्या शाखेतून ऋतुराज गायकवाड पुढे आला, हे सर्वश्रुत आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की पिंपरी-चिंचवडच्या मुलाला पुण्याच्या जुन्या जिमखान्यांच्या फाटकापर्यंत जाण्याचे कारण उरले नाही. महापालिकेची जागा, कंपनीचा पैसा आणि खेळाडूचे नाव व वेळ, असा त्रिवेणी संगम तेथे घडला. यांपैकी एखादी धारा आटली तर काय होते याचे उदाहरण दूर नाही.

ते वांद्र्यातच आहे. १९८८ साली राज्य शासनाने म्हाडाचा सुमारे २,००० चौरस मीटरचा भूखंड सुनील गावस्कर क्रिकेट फाउंडेशन ट्रस्टला अंतर्गृह प्रशिक्षण केंद्रासाठी दिला. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, केंद्र उभे राहिले नाही, आणि २०२२ साली तो भूखंड शासनाकडे परत गेला. पुढे २०२४ साली मंत्रिमंडळाने तोच अजिंक्य रहाणे यांना ३० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचे ठरविले. यात कोणाच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे मला प्रयोजन नाही. याच गावस्करांनी १९९९ साली ‘चॅम्प्स’ हा न्यास काढून विपन्नावस्थेतील माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंना हात दिला, हृदयविकाराच्या बालकांच्या शस्त्रक्रियांचा भार उचलला. म्हणजे देण्याची वृत्ती होती, आणि जेथे पैसा थेट माणसाच्या हाती पडायचा होता तेथे ती फळालाही आली. जेथे जमीन, आराखडा, मंजुरी आणि बांधकामाचा निधी यांची एकत्र मोट बांधायची होती, तेथे एवढे मोठे नावही पुरे पडले नाही. मुंबईत जमीन मिळणे कठीण, अशी आपली समजूत असते; जमीन मिळाल्यावर तिच्यावर मुले आणणे त्याहून कठीण, हे त्या भूखंडाने दाखविले.

हैदराबादला बॅडमिंटनपटू पुल्लेला गोपीचंद यांच्या बाबतीत तीच गोष्ट उलट घडली. आंध्र सरकारने जमीन दिली, पण बांधकामाला पैसा नव्हता. गोपीचंद यांनी घर गहाण टाकले (पुन्हा गहाणच), निम्मगड्डा प्रसाद या उद्योजकाने ५ कोटी रुपये दिले, आणि २००८ साली अकादमी उघडली. तिच्यातून सायना आणि सिंधू आल्या हे सर्वांस ठाऊक आहे. फरक एवढाच की ज्याचे नाव दारावर होते तो माणूस पहाटे साडेचारला स्वतः कोर्टावर उभा असे.

मात्र प्रत्येक खेळाडूने असे उभे राहावे ही अपेक्षा रास्त नाही. प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी २००१ साली ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’ स्थापन केले तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव बाजूला ठेवून काम पगारी, जाणत्या माणसांवर सोपविले. गगन नारंगने २०११ साली पुण्यात ‘गन फॉर ग्लोरी’ काढून नेमबाजीसारखा खर्चिक खेळ भाड्याच्या बंदुकीने शिकता येईल अशी सोय केली. सचिन तेंडुलकरांच्या बाबतीत दोन गोष्टी लोक एकाच टोपलीत टाकतात, त्या वेगळ्या काढल्या पाहिजेत. धाराशिव जिल्ह्यातले डोंजा हे गाव त्यांनी दत्तक घेतले ते राज्यसभेचे सदस्य या नात्याने, आणि तेथील कामांना खासदार निधी लागला. तो सार्वजनिक पैशाचा सदुपयोग झाला, दान नव्हे. ‘अपनालय’सारख्या संस्थेला त्यांनी वर्षानुवर्षे दिलेला आधार आणि त्यांच्या नावाचे फाउंडेशन, हा दुसरा व्यवहार. दोन्ही स्तुत्य, पण एकाचा हिशेब संसदेकडे मागायचा आणि दुसऱ्याचा धर्मादाय आयुक्तांकडे, हे भान सुटू नये.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर त्यातही थोडे शिरू. आपल्याकडे असा न्यास बहुधा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदला जातो, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणून. विश्वस्त बदलला की फेरफार अहवाल, दरवर्षी लेखापरीक्षण, स्थावर विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी. देणगीदाराला प्राप्तिकरात सूट हवी असेल तर त्या खात्याची वेगळी सनद. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिंपिक व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. या तरतुदीने खेळाडूंच्या न्यासांचे अर्थकारण पालटले. पूर्वी खेळाडू स्वतःच्या कमाईतला वाटा देई; आता तो पुष्कळदा कंपनीचा निधी आणि गावचे मूल यांमधला दुवा असतो. दुवा होणे कमीपणाचे नाही. परंतु कंपनीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि मुलाचे वाढीचे वय त्या तारखेला संपत नाही. एप्रिलमध्ये निधी नूतन झाला नाही तर प्रशिक्षकाचा पगार थांबतो, आणि प्रशिक्षक थांबला की पाचवीतली मुलगी पुन्हा घरकामाला लागते.

परदेशांत याहून श्रीमंत न्यास आहेत, म्हणून ते अधिक शुद्ध असतील असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०१३ साली नामांकित खेळाडूंच्या ११५ धर्मादाय संस्थांची छाननी केली, तेव्हा त्यांतल्या ७४ टक्के संस्था उत्तम कारभाराच्या कोणत्या ना कोणत्या कसोटीस उतरल्या नाहीत. फुटबॉलपटू दिदिए द्रोग्बाच्या ब्रिटनमधील न्यासाची २०१६ साली तेथील धर्मादाय नियामकाने चौकशी केली. अफरातफर आढळली नाही, पण जमलेला बराचसा पैसा खर्चाविना बँकेत पडून होता. हेतू निर्मळ आणि कारभार शिथिल, हा रोग खंड ओलांडून एकच. याउलट बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सने आपल्या आक्रन या गावी २०१८ साली शाळा काढली ती स्वतंत्र खाजगी शाळा म्हणून नव्हे, तर तेथील सार्वजनिक शाळा-मंडळाचीच एक शाळा म्हणून. शिक्षकांचे पगार मंडळाच्या तिजोरीतून होतात आणि मुलांच्या व पालकांच्या जादा गरजा न्यास पुरवितो. देणारा थकला तरी शाळेला कुलूप लागणार नाही. ही रचना आपल्याकडच्या थोरामोठ्यांनी अभ्यासावी अशी आहे.

आता पुन्हा वसईकडे वळू. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आजूबाजूची गावे एकत्र करून महापालिका स्थापन झाली. गावे वगळावीत म्हणून मोठे आंदोलनही झाले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. या सगळ्या काळात रेल्वेच्या पूर्वेला चाळी आणि इमारती अशा दाटल्या की मुलांना चेंडू टाकायला उरली ती दोन इमारतींमधली फट. पश्चिमेची कथा वेगळी आहे. तेथे केळी, विड्याची पाने आणि फुले यांच्या वाड्या अजून आहेत, आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने चाललेल्या हरित वसईच्या लढ्यामुळे त्यांतल्या बऱ्याच टिकल्या. ज्यांनी तो लढा पाणी आणि जमीन यांसाठी लढविला त्यांच्या मनात क्रीडांगण कदाचित नसेलही; परंतु आज पश्चिमपट्टीच्या गावांत चर्चच्या आवारातले, शाळेच्या मागचे, गावदेवीपुढचे जे मोकळे पटांगण दिसते, आणि ज्यावर रविवारी मिस्सा आटोपल्यावर फुटबॉल सुरू होतो, ते त्या चळवळीचेच न सांगितलेले फलित आहे.

येथील क्रीडाजीवनाचे पालकत्व खेळाडूंनी नव्हे तर मंडळांनी, धर्मग्रामांनी, शाळांनी, राजकीय पुढाऱ्यांनी आणि महापालिकेने केले. डिसेंबरच्या अखेरीस वसईच्या चिमाजी अप्पा मैदानावर भरणारा तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव तीन दशकांहून जुना आहे, आणि ज्याने बालपण येथे घालविले त्याला नाताळच्या सुटीची आठवण त्या मैदानावरच्या धुळीसकट होते. महापालिकेची मॅरेथॉन २०११ पासून धावते. देशातले नामांकित धावपटू त्या दिवशी विरारच्या रस्त्यावरून जातात आणि खिडक्याखिडक्यांतून माणसे टाळ्या वाजवितात. उत्सव आहेत, उणीव आहे ती उरलेल्या तीनशे चाळीस-पन्नास दिवसांची. क्रिकेटच्या बाबतीत तर मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द पश्चिम रेल्वेच्या मार्गावर डहाणूपर्यंत आहे, म्हणजे कागदोपत्री डहाणूचा मुलगा आणि दादरचा मुलगा एकाच संघटनेचे. निवडचाचणी मात्र कोणत्या टोकाला होते हे सांगण्यासाठी कोणा जाणकाराची गरज नाही.

काही वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या एका शाळेत एका बड्या नावाच्या न्यासाचा साहित्य-वाटपाचा समारंभ झाला, त्याला मी हजर होतो. नाव येथे सांगत नाही. सांगून उपयोग नाही आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता. मंडप, ध्वनिक्षेपक, कंपनीचे दोन अधिकारी, आणि एका टेबलावर रचलेले बुटांचे खोके. शाळेचा मुलींचा खोखोचा संघ जिल्ह्यात नावाजलेला, म्हणून मान त्यांना. खोके उघडले तेव्हा त्यांत निघाले ते खिळ्यांचे धावण्याचे बूट, बहुतेक आठ आणि नऊ नंबरचे. मुलींचे पाय चार-पाचचे, आणि खोखो त्या अनवाणी खेळत आलेल्या. छायाचित्रे झाली. सातवीतल्या एका मुलीने दोन्ही बुटांच्या नाड्या एकत्र बांधून ते गळ्यात अडकविले आणि तशीच ती घरी गेली. पंधरवड्याने शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटलो तेव्हा त्यांनी मला स्थानकाजवळच्या दुकानदाराशी केलेला सौदा सांगितला: बूट त्याच्याकडे, आणि बदल्यात मैदान आखण्याच्या चुन्याची पोती, पाण्याचा लांब पाइप आणि दोन नवे खुंट. असा विनिमय जमाखर्चात कसा दाखवायचा, असे त्यांनी मला अगदी गंभीरपणे विचारले. मला उत्तर सुचले नाही.

त्या सौद्यात या साऱ्या प्रश्नाचे सार आले आहे असे मला तेव्हाच वाटले. येथे कोणा खेळाडूचा न्यास उद्या आला तर त्याने प्रथम नवीन प्रबोधिनी बांधण्याचा मोह आवरावा. जमीन शोधण्यात पाच वर्षे जातील आणि त्या पाच वर्षांत एक पिढी खेळण्याच्या वयातून निघून जाईल. असलेली पटांगणे आहेत. त्यांना माळी नाही. मुंबईच्या मैदानांवर माळी या शब्दाला जो मान आहे तो क्रिकेट जाणणाऱ्यालाच कळेल: खेळपट्टीला पाणी किती द्यायचे, रोलर केव्हा फिरवायचा, पावसाळा ओसरल्यावर लाल मातीचा थर कसा चढवायचा, हे तोच जाणतो, आणि त्याचा पगार कोणत्याही साहित्य-वाटपाच्या यादीत नसतो. मुलींना बूट नकोत असे नाही. त्याआधी पटांगणाला लागून आतून कडी लागणारे स्वच्छतागृह हवे, नाही तर आठवीनंतर त्या येतच नाहीत. अर्धवेळ शिकविणाऱ्या स्थानिक प्रशिक्षकाला बारमाही मानधन हवे. आणि ज्याला खरोखरच मुंबईला जाणे भाग आहे त्याला पासाचे पैसे, तसेच परतीच्या रात्री वांद्रे-दादरकडे राहण्यासाठी एखादी खाट. लाड यांच्या घरी जी एका मुलाला मिळाली ती दहा जणांना मिळाली तरी बरेच होईल.

याच जिल्ह्याच्या पूर्वभागात जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासी तालुके आहेत, त्यांचा प्रश्न आणखी निराळा. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळविले, तेव्हा डोंगरातल्या मुलींच्या पायांत काय आहे हे सर्वांना दिसले. त्या मुलींना क्रिकेटच्या जाळ्यांची गरज नाही, आश्रमशाळेत पोटभर जेवण आणि वर्षभर टिकणारा एक शिक्षक पुरे आहे. वसईचा न्यास वसईपुरताच पाहील तर त्याला अर्धाच जिल्हा दिसेल.

खोखोच्या त्या गुरुजींपाशी एक कागद आहे. चार घड्या घालून तो ते दैनंदिनीत ठेवतात, आणि कोणी देणगीदार येणार असे कळले की उलगडून पुन्हा एकदा आकडे तपासतात. चुना, माती, पाइप, माळ्याचा पगार, मुलींसाठी आडोसा, दिव्याचा खांब. अगदी शेवटची नोंद मला त्यांनी बोट ठेवून दाखविली. पटांगणाच्या फाटकाची किल्ली शाळेच्या कारकुनाकडे असते, तो राहतो नालासोपाऱ्याला आणि रविवारी येत नाही; म्हणून ‘फाटकाची दुसरी किल्ली’, आणि तिच्यापुढे पेन्सिलीने, रुपये ६०.